ऑक्सिजन सेन्सरचा कोड आलाय? नवीन सेन्सर मागवायच्या आधी घरीच हे तपासा

चेक इंजिनची पिवळी लाईट लागली, कुणीतरी स्कॅनर लावला, त्यात ऑक्सिजन सेन्सरचं नाव आलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "सेन्सर गेलाय, टाकून घ्या." मग काही हजार जातात आणि आठ-पंधरा दिवसांनी तीच लाईट परत. असं का होतं तर काही कोड सेन्सरबद्दलची तक्रार असतात आणि काही कोड सेन्सरने केलेली तक्रार असतात, आणि या दोन्ही गोष्टी सरसकट एकच धरल्या जातात. तक्रार करणारा सेन्सर बदलून तक्रार जात नाही. म्हणून आधी तपासायचं, मग खर्च करायचा, आणि हे तपासणं घरी पार्किंगमध्ये आरामात जमतं, त्यासाठी मेकॅनिक असायची गरज नाही.

हे सगळं पेट्रोल आणि पेट्रोल-सीएनजी गाड्यांसाठी लिहितोय, डिझेलचा विषय वेगळा आहे.

सेन्सर करतो काय ते थोडक्यात. सायलेन्सरच्या पाइपात इंजिनजवळ एक स्पार्क प्लगसारखा दिसणारा सेन्सर बसवलेला असतो, त्याच्या आत झिरकोनियाचं सिरॅमिक असतं. त्याच्या एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, आणि दोन्हीकडच्या ऑक्सिजनमधल्या फरकावर तो व्होल्टेज तयार करतो. धुरात ऑक्सिजन कमी म्हणजे पेट्रोल जास्त, म्हणजे गाडी रिच, तेव्हा साधारण ०.९ व्होल्ट. ऑक्सिजन जास्त म्हणजे लीन, तेव्हा ०.१ च्या आसपास. मधला आकडा ०.४५. हे बघून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल कमी-जास्त करत राहतो, १ किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा या हिशोबाच्या जवळ राहायला. १९७६ मध्ये बॉशचा हा सेन्सर पहिल्यांदा व्हॉल्वोच्या गाडीत आला. शिसं असलेल्या पेट्रोलने तो मरतो, आणि आपल्याकडे देशभर अनलेडेड पेट्रोल झालं ते फेब्रुवारी २००० पासून.

हल्लीच्या बहुतेक गाड्यांत दोन असतात. एक कॅटलिटिक कन्व्हर्टरच्या, म्हणजे सायलेन्सरमधल्या धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या आधी, त्याला सेन्सर १ म्हणतात, आणि एक कन्व्हर्टरच्या नंतर, तो सेन्सर २. मिक्स्चर, म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण, मुख्यतः पहिला सेन्सर सांभाळतो, आणि कन्व्हर्टर नीट काम करतोय का ते दुसरा सेन्सर बघतो. कोडमध्ये बँक १ लिहिलेलं असतं त्याने गोंधळू नका, बँक म्हणजे सिलेंडरची रांग, आपल्या तीन किंवा चार सिलेंडरच्या साध्या गाडीत बँक सहसा एकच असते.

आता सामान. ओबीडी स्कॅनर, म्हणजे तो ईएलएम ३२७ वाला छोटा डबा, ऑनलाइन मिळतो आणि मोबाईलला ब्लूटूथने जोडता येतो. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथवाला बहुधा चालणार नाही, वायफायवाला किंवा आयफोनला चालतो असं स्पष्ट लिहिलेला घ्या. मोबाईलमध्ये टॉर्क किंवा कार स्कॅनर यातलं कुठलंही ॲप. एक साधा डिजिटल मल्टीमीटर. आणि सेन्सर काढायची वेळ आलीच तर २२ चा पाना. बास.

सुरू करायच्या आधी एकच गोष्ट मनापासून सांगतो. बेसमेंट पार्किंगमध्ये किंवा बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवून हे करत बसू नका. मिक्स्चर बिघडलेली गाडी कार्बन मोनॉक्साइड जास्त सोडते, त्याला वास नसतो आणि डोकं जड होईपर्यंत कळतही नाही. गाडी उघड्यावर काढा. आणि मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनमधून धूर बाहेर आणणाऱ्या पाइपांच्या भागाला, हात लावायचा नाही, इंजिन बंद करून बराच वेळ झाला तरी तो भाजतो.

स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं त्यात स्कॅनर लावा, चावी ऑन करा, कोड वाचा आणि लिहून ठेवा. लगेच क्लिअर करू नका, खूप जण इथेच घाई करतात, कोडसोबत फ्रीझ फ्रेम नावाचा डेटा असतो, लाईट लागली तेव्हा स्पीड किती, इंजिनचं तापमान किती, फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली वाढ-घट) किती ते सगळं त्यात असतं आणि क्लिअर केलं की ते जातं. स्क्रीनशॉट काढा.

पी०१३५ किंवा पी०१४१ असेल तर तो सेन्सरच्या आतल्या हीटरचा कोड, पहिला सेन्सर १ चा, दुसरा सेन्सर २ चा. पी०१३४ किंवा पी०१४० म्हणजे सिग्नलच हलत नाहीये. पी०१३३ म्हणजे सेन्सर आळसावलाय. पी०१३१ म्हणजे व्होल्टेज खालीच अडकलंय, पी०१३२ म्हणजे वरच अडकलंय, आणि या दोघांत दोष सेन्सरचा, वायरिंगचा की खरोखरच मिक्स्चरचा हे अजून ठरायचंय. पी०१७१ म्हणजे गाडी लीन, पी०१७२ म्हणजे रिच, आणि पी०४२० म्हणजे कन्व्हर्टरची कार्यक्षमता कमी. हे शेवटचे तीन आले की बहुतेक वेळा सेन्सर आपलं काम नीट करतोय आणि बिघाड दुसरीकडे आहे. पी०४२० वर सेन्सर २ बदलून पैसे घालवलेले लोक मी खूप बघितलेत.

कोड वाचून झाला की बोनेट उघडा आणि नुसतं बघा. सेन्सरपासून निघालेली वायर कपलरपर्यंत (वायरी जोडणारा प्लग) आणि कपलरपासून पुढे जिथपर्यंत दिसेल तिथपर्यंत, मोबाईलचा टॉर्च लावून, बोट फिरवत. आपल्याकडे उंदीर हा मोठा विषय आहे, पावसाळ्यात तर विचारूच नका, उबेला येऊन बसतात आणि वायरी कुरतडतात. ओळखीतल्या एकांच्या गाडीला पी०१३४ येत होता, नवीन सेन्सर टाकूनही येत होता. कपलरच्या थोडं मागे कोरुगेटेड पाइप फाडलेला दिसला, आत चार वायरींपैकी एकीचं प्लास्टिक सोललेलं, तांब्याच्या दोन-तीनच तारा शिल्लक आणि त्याही हिरव्या पडलेल्या. तेवढा तुकडा बदलला, विषय संपला. जुना सेन्सर आता डिकीत पडून आहे, चांगला आहे.

कपलर उघडून आतल्या पिना बघा, पाणी, हिरवट थर, वाकलेली पिन. साफ करायला कोरडा मऊ ब्रश पुरतो. सेन्सरच्या बाजूच्या कपलरमध्ये ग्रीस किंवा कुठलाही स्प्रे मारू नका, कारण बऱ्याच सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या तारांमधल्या फटीतूनच आत जाते, ती वाट बुजली की चांगला सेन्सरही चुकीचं सांगायला लागतो.

त्याच वेळी सायलेन्सर फुटलाय का बघा. मॅनिफोल्डच्या जॉइंटला किंवा सेन्सरच्या आधी कुठे भेग असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो आणि तो प्रामाणिकपणे "लीन" म्हणून सांगतो. थंड इंजिन सुरू केल्या केल्या टक-टक किंवा फुस-फुस आवाज येत असेल, जॉइंटभोवती काळा काजळीचा डाग असेल, तर आधी ते पॅकिंग बदला.

हीटरचा कोड असेल तर तुमचं काम सोपं आहे, कारण हा एक दोष मल्टीमीटर सरळ सांगतो. सेन्सर साधारण ३०० ते ३५० अंश तापल्याशिवाय काम करत नाही, म्हणून आत हीटर दिलेला असतो. इंजिन थंड, चावी ऑफ, कपलर काढा. सेन्सरच्या बाजूला चार वायरी असतात, त्यातल्या एकाच रंगाच्या दोन म्हणजे हीटर. बॉशच्या सेन्सरला दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, राखाडी ग्राउंडची. डेन्सोला दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नल, पांढरी ग्राउंड. मल्टीमीटर ओहमवर ठेवून हीटरच्या दोन पिनांमध्ये मोजा. थंड असताना काही ओहमपासून पंधरा-वीसपर्यंत काहीतरी आलं पाहिजे, नक्की आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. मीटर ओपन, म्हणजे सर्किट तुटलेलं, दाखवत असेल तर हीटर जळला, सेन्सर बदला, त्यात दुसरं मत नाही. पण हीटर बरा निघाला तर गाडीच्या बाजूचा कपलर तपासा, चावी ऑन करून हीटरच्या सप्लाय पिनवर बारा व्होल्ट येतात का. नाही आले तर फ्यूज बॉक्सकडे जा, फ्यूज दहा-वीस रुपयांचा असतो. मात्र नवीन फ्यूजही लगेच उडाला तर कुठेतरी वायर बॉडीला लागतेय, ती शोधा, मोठा फ्यूज घालून गप्प बसवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग, लाइव्ह डेटा. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणा, कूलंट ८० अंशांच्या वर गेला पाहिजे, थंड गाडीवर घेतलेलं रीडिंग काहीच सांगत नाही. ॲपमध्ये बँक १ सेन्सर १ चं व्होल्टेज आणि शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम एवढ्या दोनच गोष्टींचा ग्राफ लावा. स्वस्तातले स्कॅनर हळू असतात, दहा आकडे एकदम मागितले तर ग्राफ इतका तुटक येतो की चांगला सेन्सरही आळशी वाटतो.

रेस २००० ते २५०० वर धरा. चांगल्या सेन्सरचा ग्राफ ०.१ पासून ०.९ पर्यंत खाली-वर, खाली-वर, दहा सेकंदांत बऱ्याच वेळा फिरतो. तो ०.४५ वर सरळ रेघ मारत असेल तर सिग्नल येतच नाहीये, सेन्सर किंवा वायर तुटलेली. खाली किंवा वर अडकला असेल तर त्याला डिवचून बघा. ॲक्सिलरेटर एकदम दाबून सोडा. दाबताना पेट्रोल वाढतं, व्होल्टेज ०.८ च्या वर गेलं पाहिजे, सोडल्यावर ईसीयू पेट्रोल तोडतो तेव्हा ते शून्याजवळ आलं पाहिजे. दोन्हीकडे चटकन गेला तर सेन्सर जिवंत आहे, तुमचा प्रॉब्लेम मिक्स्चरचा आहे. गेला पण रेंगाळत गेला तर तो थकलाय. हललाच नाही आणि वायरिंग तुम्ही तपासलंय, तर सेन्सर बदला.

सेन्सर २ चं उलटं असतं. तो ०.६-०.७ च्या आसपास शांत बसलेला असतो आणि तेच बरोबर आहे, तो हलत नाही म्हणून खराब समजू नका. तो सेन्सर १ सारखाच नाचायला लागला तर कन्व्हर्टर ढिला पडलाय, पी०४२० त्यातूनच येतो. तिथे स्पेसर लावून सेन्सर मागे ओढायचा उपाय काही जण सांगतात, त्याने फक्त लाईट जाते, धूर तसाच राहतो, करू नका.

एक सावधगिरी. नवीन बऱ्याच गाड्यांत सेन्सर १ हा साधा नसून वाइडबँड म्हणजे एअर-फ्युएल सेन्सर असतो, त्याला बऱ्याचदा पाच किंवा सहा वायरी असतात आणि ॲपमध्ये व्होल्टऐवजी लॅम्बडा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, बरोबर असेल तर १) किंवा मिलिअँपिअर दिसतं. त्याच्यात हे ०.१-०.९ चं गणित लागू होत नाही, लॅम्बडा १ च्या आसपास राहतोय का तेवढं बघा आणि सिग्नलच्या वायरींना मल्टीमीटरने टोचू नका.

आता फ्युएल ट्रिम, कारण खरा चोर इथे सापडतो. लाँग टर्म ट्रिम म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय. अधिक-उणे दहाच्या आत असेल तर सहसा काळजी नाही. अधिक पंधरा-वीस असेल तर गाडी लीन आहे आणि ईसीयू पेट्रोल ओततोय. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, ट्रिम जास्त आणि २५०० रेसवर कमी होत असेल तर इनटेकमध्ये कुठेतरी हवा शिरतेय, फाटलेला व्हॅक्यूम पाइप, सुकलेलं पॅकिंग. (हे एमएएफ, म्हणजे आत येणारी हवा मोजणाऱ्या, सेन्सरच्या गाडीत स्वच्छ कळतं, मॅप, म्हणजे इनटेकमधला दाब मोजणाऱ्या, सेन्सरवाल्या गाडीत त्याऐवजी आयडलच वाढलेलं दिसतं.) उलट रेस आणि लोड वाढला की ट्रिम वाढत असेल तर पेट्रोल पंप, फिल्टर, इंजेक्टर यांच्याकडे बघा. आणि ट्रिम खूप उणे असेल तर गाडी रिच आहे, गळका इंजेक्टर, असलं काहीतरी.

इथे दोन गोष्टी आपल्याकडच्या. पहिली ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं, शुद्ध पेट्रोलला १४.७ हवा तर ई-२० ला साधारण साडेतेरा. म्हणून जुन्या गाडीत ट्रिम अधिक पाच-सहा दिसला, ॲव्हरेज थोडं पडलं, तर तो सेन्सरचा दोष नाही, सेन्सर बरोबर काम करतोय म्हणूनच ईसीयूला ते कळतंय. दुसरी सीएनजी. बाहेरून किट बसवलेल्या गाडीत किटची वायर बऱ्याचदा याच सेन्सरच्या सिग्नलला जोडलेली असते, आणि तो जोड नुसता पिळून चिकटपट्टी गुंडाळलेला असला की कधीतरी सुटतोच, तो आधी बघा. शिवाय गॅसचं ट्युनिंग चुकलेलं असेल तर ईसीयू गॅसवर भलतंच ट्रिम शिकतो आणि पेट्रोलवर टाकल्यावर कोड येतो. दोन्हीवर वेगवेगळं रीडिंग घ्या. पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर बिघाड, तर सेन्सरला हात न लावता किट ट्यून करून घ्या.

हे सगळं करून सेन्सरच गेलाय असं ठरलं तर मग काढायचा.

पेट्रोलमध्ये भिजत घालून साफ करायचे व्हिडिओ बघून वेळ घालवू नका. नुसती काजळी असेल तर मिक्स्चर दुरुस्त झाल्यावर ती गरम धुराने आपोआप जळते. आणि सिलिकॉन, कूलंट किंवा ऑइलची राख बसली असेल तर ती पेट्रोलने निघत नाही. काढलेल्या सेन्सरचं टोक मात्र नीट बघा, त्यावरून कारण कळतं. कोरडी काळी काजळी म्हणजे गाडी रिच चालत होती. पांढरा दाणेदार थर म्हणजे सिलिकॉनचा सीलंट किंवा कूलंट इंजिनात जळतोय. ते कारण तसंच ठेवलं तर नवीन सेन्सरही त्याच वाटेने जाणार.

सेन्सर विकत घेताना जुन्याच्या बॉडीवर कोरलेला पार्ट नंबर जुळवा, नुसतं "या मॉडेलला बसतो" यावर जाऊ नका, एकाच मॉडेलच्या बीएस-४ आणि बीएस-६ गाडीत सेन्सर वेगळा असू शकतो. शक्यतो कपलरसकट येणारा घ्या. वायरी जोडायला लागणारा युनिव्हर्सल घेतलाच तर जोड क्रिंप करा, सोल्डर नको, सोल्डर तारांमध्ये शिरून ती हवेची वाट बंद करतं.

आदल्या रात्री थंड इंजिनवर सेन्सरच्या आट्यांना डब्ल्यूडी-४० किंवा दुसरं गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, कोमट आट्यांमधून सेन्सर सोपा सुटतो, तरी जाड हातमोजे घाला. खालून जायचं असेल तर गाडी जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही, जॅक स्टँड लावा आणि चाकांना ठोकळे लावा. कपलर आधी सोडवा. वायरसाठी खाच असलेली २२ ची गोटी मिळते ती सगळ्यात चांगली. ती नसेल आणि सेन्सर टाकूनच द्यायचा असेल तर वायर कापा आणि साधा रिंग पाना घाला, ओपन पान्याने षटकोनाच्या कडा झिजतात आणि मग रडारड. सुटत नसेल तर आधी किंचित आवळा, मग सोडा, परत आवळा, परत सोडा, मध्ये तेल. पूर्ण जोर लावूनही हलत नसेल तर थांबा आणि गॅरेजला न्या, मॅनिफोल्डचे आटे गेले तर तो खर्च सेन्सरपेक्षा मोठा असतो.

नवीन सेन्सरच्या टोकाला हात लावू नका आणि तो खाली पाडू नका, बाहेरून काही दिसत नाही पण आतलं सिरॅमिक तडकतं. आट्यांना बहुतेक वेळा कंपनीकडूनच अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावलेलं असतं. नसेल तर फक्त आट्यांना पातळ लावा, टोकाला थेंबही लागता कामा नये. बरेचसे सेन्सर एम१८ आट्यांचे असतात, पहिले दोन-तीन फेरे हातानेच फिरवा, अडलं तर जबरदस्ती न करता काढून परत सरळ लावा. शेवटी आवळायचा जोर, म्हणजे टॉर्क, साधारण ४० ते ५० न्यूटन मीटर, मॅन्युअलमध्ये वेगळा असेल तर तो धरा. सेन्सर फिरवताना वायरीला पीळ पडू देऊ नका आणि वायर जुन्याच क्लिपांमध्ये बसवा, एक क्लिप राहिली की वायर मॅनिफोल्डला टेकून वितळते.

मग कोड क्लिअर करा. ट्रिमही पुसलं जातं, त्यामुळे सुरुवातीला आयडल थोडं वर-खाली वाटेल, ईसीयू परत शिकतोय, घाबरू नका. दोन-चार दिवस शहरात आणि थोडं हायवेवर अशी मिसळ गाडी चालवा. ॲपमध्ये रेडिनेस मॉनिटर नावाचं पान असतं, त्यात ऑक्सिजन सेन्सर, त्याचा हीटर आणि कॅटलिस्ट या तिन्हींपुढे "पूर्ण" आलं आणि लाईट परत लागली नाही तर काम झालं. पीयूसी संपत आली असेल तर हे आटोपूनच जा. आणि दुरुस्ती चालू असताना लाईट सलग जळण्याऐवजी लुकलुकायला लागली तर गाडी बाजूला घ्या, तो मिसफायर (सिलेंडरमध्ये पेट्रोल न पेटणं) असतो, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि कन्व्हर्टर आतून वितळू शकतो. तेव्हा ऑक्सिजन सेन्सर सोडून आधी प्लग आणि इग्निशन कॉइल बघा.